ऐरण जुनी घ्या, पण वाजवून घ्या
गावची हत्यारं : लेखांक सहावा

मागच्या आठवड्यात भाता पाहिला, आता ऐरण. भाता फाटला तर पंखा लावून भागतं. ऐरण चुकीची निघाली तर घणाचा निम्मा जोर ती गिळते आणि संध्याकाळी खांदे भरून येतात.

वरवे बुद्रुककरांना शोधाशोधीला महामार्ग सोयीचा. पुण्याच्या अंगाला खेड शिवापूर, साताऱ्याच्या अंगाला नसरापूर फाटा, कापूरहोळ, आणि नीरा ओलांडली की शिरवळ. या पट्ट्यातल्या भंगारवाल्यांना आणि ट्रॉल्या बांधणाऱ्यांना सांगून ठेवावं. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथं भल्या सकाळी पोचावं. मी मात्र आधी बंद पडलेल्या लोहारशाळांची चौकशी करीन. विळे-कोयते तयार मिळू लागल्यापासून अनेक ऐरणी कोपऱ्यात पडून आहेत. पण भट्टी चालू असेल तिथं ‘मामा, ऐरण देता का?’ असं विचारू नये. खंडेनवमीला जिची पूजा होते, तिची किंमत विचारलेली कुणाला आवडेल?

गावठी ऐरण म्हणजे ओंडक्यात रोवलेला पोलादी ठोकळा. बसून काम करणाऱ्याला ती उत्तम. कारखान्यांतून बाहेर पडणारी विलायती ऐरण उंच असते, एका टोकाला गोल चोच आणि पाठीवर चौकोनी भोक. जुन्या इंग्रजी ऐरणीच्या कुशीवर कधीकधी तीन आकडे कोरलेले सापडतात, समजा 1-2-10. हे वजन आहे. पहिला आकडा 112 पौंडांचा, दुसरा 28 पौंडांचा, तिसरा सुटे पौंड. म्हणजे 112 अधिक 56 अधिक 10, एकूण 178 पौंड, सुमारे 81 किलो. विकणाऱ्याला हे ठाऊक नसलं तर आपण बोलायची घाई करू नये.

आता परीक्षा. कुठल्याही गॅरेजमधून बेअरिंगची एक गोळी मागून आणा आणि फुटभरावरून ऐरणीच्या तोंडावर सोडा. आठ-नऊ इंच उसळली तर माल कसदार. निम्म्यालाही पोचली नाही तर ते बिडाचं ओतकाम असेल, नाहीतर आगीत सापडून पाणी उतरलेलं पोलाद. गोळी एकाच जागी नको, मध्यावर, कडेला, चोचीजवळ सगळीकडे टाका. इंग्रजी घडीव ऐरणीत लोखंडी अंगावर पोलादाची पाटी जोडलेली असते. ती कुठे सुटली असेल तर तिथंच गोळी मरते आणि हातोडीचा आवाजही बद्द येतो. आवाज ऐकताना ऐरण ओंडक्यातून मोकळी केलेली हवी, घट्ट बसवलेली चांगली ऐरणही मुकी वाटते. शंका राहिली तर कोपऱ्यावर कानस फिरवा. घसरली तर बरं, चावली तर सोडून द्या.

कडा थोड्या झडलेल्या चालतात. तोंडाला किंचित खोलगटपणाही चालतो, सळई सरळ करायला तो उपयोगीच पडतो. मला भीती वाटते ती ताज्या रंगाची, कारण त्याखाली पुट्टी असू शकते. मशीनवर घासून आरशासारखं केलेलं तोंडही नको, त्या घासण्यात कडक थर पातळ झालेला असतो.

ऐरण मिळेचना, तर रुळाचा तुकडा चालतो. त्याच्या कमरेवर 52 किंवा 60 असा आकडा दिसेल, तो दर मीटरचं किलोतलं वजन. आडवा ठेवला तर कंबर बारीक असल्याने थरथरतो. ओंडक्यात उभा रोवा, म्हणजे सगळं वजन घावाखाली येतं. मात्र रूळ कुठून आला, याचा कागद हवाच. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) अधिनियम, 1966 नुसार चोरीचा रूळ जवळ सापडला तर पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पावती मिळत नसेल तर तुकडा तिथंच ठेवा आणि पुढचं दुकान गाठा.