मागणी करोल बागेची, मंजुरी कोणाची?

२७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी जुन्या राजेंद्रनगरातील एका शिकवणी वर्गाच्या तळघरात रस्त्यावरचे पाणी घुसले आणि नागरी सेवा परीक्षेची तयारी करणारे तिघे बुडून मरण पावले. सामान ठेवण्यासाठी मंजूर झालेल्या त्या तळघरात अभ्यासिका चालत होती. ही वस्ती दिल्ली महापालिकेच्या करोल बाग विभागात मोडते. या विभागाचा एक कनिष्ठ अभियंता बडतर्फ झाला, एक सहायक अभियंता निलंबित झाला. मात्र नालेसफाईचा प्रश्न दोन अभियंत्यांच्या कुवतीपेक्षा मोठा होता, हे उच्च न्यायालयातील सुनावणीत उघड झाले. पाच कोटींहून अधिक खर्चाच्या कामाला तेव्हा स्थायी समितीची मंजुरी लागत असे आणि राजधानीच्या महापालिकेत त्या वेळी स्थायी समितीच अस्तित्वात नव्हती.

अंदाजपत्रक रहिवाशांना विचारून करावे, याबद्दल दिल्लीत कोणत्याही पक्षाचा मतभेद नाही. शीला दीक्षित यांच्या सरकारने २००० साली ‘भागीदारी’ योजनेतून रहिवासी आणि बाजार संघटनांना अधिकाऱ्यांच्या समोर बसवले. २०१५ मध्ये अर्थमंत्री मनीष सिसोदिया यांनी ११ मतदारसंघांतील मोहल्ला सभांचा कौल घेऊन ‘स्वराज अर्थसंकल्प’ मांडला आणि त्या कामांसाठी २५३ कोटींचा निधी जाहीर केला. पुढे या सभा राज्यकारभाराचा नियमित भाग झाल्या नाहीत. २०२५ मध्ये रेखा गुप्ता सरकारने एक लाख कोटींच्या अर्थसंकल्पासाठी व्हॉट्सॲपवरून सूचना मागवल्या. अधिवेशनाच्या आरंभी खीरही वाटली गेली.

अडचण अशी, की गल्लीतला नाला, कचरा आणि बांधकाम परवाना या विधानसभेच्या अंदाजपत्रकातल्या बाबीच नव्हेत. त्या महापालिकेकडे आहेत आणि महापालिका चालते ती संसदेने केलेल्या १९५७ च्या कायद्याने. २०१२ मध्ये तिचे तीन तुकडे झाले, तेव्हा करोल बाग उत्तर महापालिकेच्या वाट्याला आली. २०२२ मध्ये संसदेनेच कायदा दुरुस्त करून ते तुकडे पुन्हा जोडले. त्यातही साठ फुटांहून रुंद रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा. तक्रार घेऊन जाणाऱ्याला आधी रस्त्याची रुंदी ठाऊक हवी!

डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक झाली. आम आदमी पक्षाला २५० पैकी १३४ जागा मिळाल्या, भारतीय जनता पक्षाला १०४. स्थायी समितीचे १८ सदस्य असतात. सहा सभागृहातून येतात, १२ विभागीय प्रभाग समित्यांतून. नायब राज्यपालांनी नेमलेल्या दहा सदस्यांना प्रभाग समित्यांत मताधिकार असल्याने त्या नेमणुकांवरच समितीतील बहुमताचे गणित फिरत होते. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ५ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे तळघरातील मृत्यूंनंतर नवव्या दिवशी, न्यायालयाने नायब राज्यपालांचा अधिकार मान्य केला. प्रभाग समित्यांच्या निवडणुका त्यानंतर, ४ सप्टेंबरला झाल्या. तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात, असे ७४ वी घटनादुरुस्ती सांगते, ती लोकांचा आवाज वरपर्यंत पोहोचावा म्हणून. दिल्लीत त्या समित्या संख्याबळ मोजण्याची जागा झाल्या.

दुसरा प्रश्न रहिवासी कोणाला म्हणावे, हा आहे. बैठकीला येतात ते घरमालक आणि व्यापारी. त्यांचेही एकमेकांशी जुळत नाही. २०१९ मध्ये अजमल खान मार्ग वाहनमुक्त केला, तेव्हा मोकळ्या रस्त्याचे कौतुक झाले, पण वाहने कोठे उभी करायची हा वाद मागच्या गल्ल्यांत सरकला. मात्र या भागाचे अर्थकारण ज्यांच्या भाड्यावर आणि मजुरीवर उभे आहे, ते परीक्षार्थी, हॉटेलांतील कामगार आणि खानापूर-आटपाडीकडून आलेले सोन्या-चांदीच्या गलाईतील कारागीर या बैठकांत क्वचितच दिसतात. अनेकांचे मत अद्याप गावाकडच्या यादीत असते. फेब्रुवारी २०१९ मध्ये करोल बागेतील हॉटेलच्या आगीत १७ जण दगावले, तेही बहुतांशी बाहेरून आलेले पाहुणे होते. नाला साफ व्हावा, जिना मोकळा राहावा, ही गरज ज्यांना सर्वांत अधिक, त्यांचा नगरसेवकाला धाक नाही.

पुण्यात २००६ पासून वेगळी वाट आहे. तेथे नागरिक क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून पाच लाखांपर्यंतचे काम सुचवू शकतो. सुचवलेली सगळीच कामे होतात असे नाही, आणि पदपथ-बाकड्यांपलीकडे ही सोय फारशी जात नाही, ही टीका रास्तच आहे. तरी अर्ज कोणाकडे द्यायचा आणि तो पुढे कोणत्या टेबलावर जातो, एवढे तरी पुणेकराला माहीत असते.

दिल्लीत कायद्यानुसार आयुक्तांनी अंदाजपत्रक डिसेंबरात स्थायी समितीपुढे ठेवायचे असते. समिती नसल्याने २०२५-२६ चे अंदाजपत्रक फेब्रुवारी २०२५ मध्ये थेट सभागृहापुढे आले. स्थायी समितीला अध्यक्ष मिळाला तो १२ जून २०२५ रोजी. तोवर आर्थिक वर्षाचे अडीच महिने सरले होते आणि दिल्लीचा पावसाळा तोंडावर आला होता.