एका खाड्याचा दिवस

पहाटे ४.४५
आधी पोराचा डबा. दोन पोळ्या, तूप, गूळ. पोळीवर काळा डाग दिसला तर तो हात लावत नाही, म्हणून ती गॅस बारीक ठेवून भाजते. पोरगा नऊ वर्षांचा. ऑटिझम आहे, हे तीन वर्षांपूर्वी कळलं. अपंगत्वाचा सरकारी कागद अजून झालेला नाही. नवरा फवारणीच्या ट्रॅक्टरवर गेलाय. निफाडच्या पट्ट्यात द्राक्षांची विरळणी ऐन भरात आहे. टोळीत तिला ४०० रुपये रोज पडतो. आज बुधवार, त्या कागदापायी आजचा खाडा.

सकाळी ६.१०
नाशिकची एसटी. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, बारा वर्षांखालच्या पोराला अर्धंच. दोघांचं मिळून एक पूर्ण तिकीट, सत्तरच्या आसपास. हॉर्न वाजला की पोरगा कान झाकतो. मांडीवर प्लास्टिकची पिशवी : आधार कार्डं, रेशन कार्ड, शाळेचं बोनाफाईड, फोटो. ऑनलाइन अर्ज मागच्या आठवड्यात नेट कॅफेत भरला. अर्ज फुकट, भरून देणाऱ्याचे १००.

सकाळी ८.३०
शेअर रिक्षाचे वीस. सरकारी रुग्णालयात केसपेपर काढला. बाकावर आधीच पाच-सहा जण. एक झेरॉक्स कमी निघाली. ती बाहेर धावते, दोन रुपये. पोराला शेजारच्या आजोबांजवळ सोडता येत नाही, म्हणून तोही बरोबर धावतो.

सकाळी ११.२०
मानसशास्त्रज्ञ मॅडमच्या टेबलावर छापील तक्ता. ऑटिझम मोजायचा हा भारतीय तक्ता, त्यात चाळीस मुद्दे. नजरेला नजर देणं टाळतो का, ऐकलेलंच परत म्हणतो का, हात हलवत राहतो का, लागलं तरी रडत नाही का. क्वचित असेल तर १ गुण, सदानकदा असेल तर ५. बेरीज जितकी मोठी, तितकं अपंगत्व जास्त.
चारचौघांत पोराचं चांगलंच सांगायची तिला सवय आहे. इथे चांगलं सांगितलं की आकडा उतरतो. "हाक मारली की बघतो ना?" "बघतो की." मॅडम पेन थांबवतात. "ताई, काल किती हाका मारल्या? त्यातल्या कितींना बघितलं?" ती गप्प होते. मग खरं सांगते. तोवर पोरगा टेबलावरच्या स्टेपलरची पिन-पट्टी उलटी-सुलटी करत बसलाय. मॅडम तेही लिहितात.

दुपारी १२.१०
बेरीज ११२. सत्तरच्या खाली असती तर काहीच नाही. ११२ म्हणजे मध्यम, तक्त्याप्रमाणे ७० टक्के. अजून डॉक्टरांच्या सह्या व्हायच्या, मग प्रमाणपत्र ऑनलाइन दिसेल. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, पिवळं येईल. ऐंशी टक्क्यांपासून पुढे निळं असतं.

दुपारी १.००
झाडाखाली डबा. चहा दहा रुपये. शेजारी दिंडोरीकडची एक बाई, पोरगी बारा वर्षांची, सगळं पाठ. "कार्ड आलं की एसटीत पोराला पाऊण तिकीट माफ. पासष्टच्या वर टक्के असले की सोबतच्याला अर्धं." "मला तर आताही अर्धंच." "मग त्याच्या बापाला पाठव." दोघी हसतात. ती दिव्यांगांच्या निरामय आरोग्य विम्याचंही सांगते : वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. थेरपी कुठे मिळते, ते विचारायचं राहून जातं. पोरगा उठून चालू लागलाय.

दुपारी ३.४०
निफाड, तहसीलबाहेर अर्ज लिहिणाऱ्याचं टेबल. संजय गांधी निराधार योजना. दिव्यांगांना महिन्याला १५०० मिळायचे, ऑक्टोबर २०२५ पासून २५००. सहा रोजांहून थोडे जास्त. "प्रमाणपत्र आलं की या. आणि उत्पन्नाचा दाखला. वर्षाला पन्नास हजारांच्या आत पाहिजे."
ती बोटांवर मोजते. चारशेनं सव्वाशे दिवस भरले की पन्नास हजार. ही तिची एकटीचीच कमाई. नवऱ्याची धरली तर वर्ष अर्ध्यावर यायच्या आत भरतात.
"दादा, तलाठी किती लिहितील?"
"ते त्यांना विचारा." तो पुढच्या माणसाचा कागद ओढतो.

संध्याकाळी ६.००
घर. पोरगा भिंतीला पाठ लावून बसतो. आज बाहेर फार वेळ झाला. आता तासभर कुणी बोलायचं नाही. ती आवाज न करता भांडी घासते. तिकिटं, रिक्षा, झेरॉक्स, चहा धरून आजचे जवळपास दोनशे. बुडालेला रोज वेगळा.

रात्री ८.१५
मुकादमीण मावशीचा फोन. "उद्या येते ना गं?"
"येते. मावशी, शुक्रवारी तलाठ्याकडे जायचंय. अर्धा रोज धरशील?"
"अर्धं नाही जमत. बिल एकरावर आहे, बाकीच्या बायका बोलतील. शनिवारी जा की."
"शनिवारी ऑफिस बंद असतं."
"मग?"
"शुक्रवारी खाडा मांड."