बिनपायांची चिप, घरचा बोर्ड

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ परिसरात सीईडीटीआय या नावाने उभी राहिलेली, आता नाइलिट म्हणून ओळखली जाणारी संस्था इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन शिकवते. तिथला विद्यार्थी असो की घरी फेरिक क्लोराइडमध्ये सर्किट बोर्ड कोरणारा हौशी, क्यूएफएन चिप हातात आली की पेच एकच: हिला पायच नाहीत. कडेने पोटाखाली बारीक पॅड, बहुधा दर अर्ध्या मिलिमीटरला एक, आणि मधोमध उष्णता बाहेर नेणारा मोठा पॅड. तिथे सोल्डरिंग आयर्नचं टोक पोहोचत नाही.

घरच्या बोर्डावर सहसा सोल्डर अडवणारा थर, म्हणजे सोल्डर मास्क, नसतो. त्यामुळे सोल्डर तांब्यावरून वाटेल तिथे पसरतं. म्हणून सोल्डर कमी, फ्लक्स भरपूर. पॅडवर सोल्डरचा पातळ थर द्यावा, फ्लक्स लावून चिप ठेवावी आणि हॉट एअरने आधी आजूबाजूचा बोर्ड सावकाश तापवावा. ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. त्या क्षणी चिप जरा हलते आणि आपसूक जागेवर बसते. वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण तिला ओढून घेतो. चिमट्याने हलकेच ढकलली तरी परत येते. या कामातला सगळ्यात देखणा क्षण हाच.

खरी अडचण मधल्या पॅडची. तिथे सोल्डर जास्त झालं की चिप तरंगते, कडेचे पॅड टेकतच नाहीत. म्हणून बोर्डाला मधल्या पॅडच्या मधोमध दीड-दोन मिलिमीटरचं भोक आधीच पाडून ठेवावं. कडेचे पॅड जोडले गेले की बोर्ड उलटा करून त्यातून सोल्डर भरावं. वीज देण्याआधी मल्टिमीटरने शॉर्ट तपासावा.