एका भागाकारात तीन निषिद्ध संख्या

परिमेय फलनांचा भागाकार सगळ्यांना जमतो: दुसरं उलटं करा, गुणा, काटाकाटी करा. खरी मजा प्रांतात, म्हणजे डोमेनमध्ये आहे! हे बघा:

(क्ष² − ९)/(क्ष + २) ÷ (क्ष − ३)/(क्ष − ५)

उत्तर येतं (क्ष + ३)(क्ष − ५)/(क्ष + २). ते पाहून वाटतं, फक्त −२ वगळायचा. पण प्रांत काटाकाटीच्या आधीच ठरतो. −२ ला पहिल्याचा छेद शून्य होतो, ५ ला दुसऱ्याचा. आणि ३? तिथे दोन्ही छेद ठणठणीत आहेत, पण भाजकाचीच किंमत शून्य होते, आणि शून्याने भागता येत नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकारात ही तिसरी अट नसते, म्हणून भागाकार मला सगळ्यांत आवडतो.

तेव्हा प्रांत: −२, ३ आणि ५ सोडून सर्व वास्तव संख्या.

आलेखात तर फरक फारच सुंदर दिसतो. −२ जवळ वक्र एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली सुसाट निघून जातो. ३ आणि ५ ला मात्र फक्त एकेका बिंदूचं भोक: (३, −१२/५) आणि (५, ०). बिंदूला रुंदी नसल्यामुळे ॲपवरच्या आलेखात ती भोकं सहसा दिसत नाहीत. वहीत काढताना तिथे पोकळ वर्तुळ नक्की काढा.