तबेला

घोडे बांधण्याची वास्तू. हिलाच ‘पागा’ असेही म्हणतात; मात्र मराठेशाहीत ‘पागा’ या संज्ञेने सरकारी घोडदळाच्या पथकाचाही बोध होई. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील चौल बंदरात मध्ययुगात अरबी घोडे उतरत. रशियन प्रवासी अफनासी निकितीन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे आला, तेव्हा त्यानेही विक्रीसाठी एक घोडा आणला होता.

या किनाऱ्यावरील जुन्या गोठ्याचे तबेल्यात रूपांतर करताना मुख्य अडचण दमटपणाची असते. अलिबाग परिसरात वर्षाला २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे झड अडविण्यासाठी गोठा ठेंगणा व बंदिस्त बांधलेला असतो. अशा जागेत मूत्रापासून निघणारा अमोनिया वायू व बुरसलेल्या पेंढ्यातील बीजुके साचून घोड्यास श्वसनविकार जडतात. ओल्या जमिनीमुळे खुरांचा तळ कुजतो. म्हणून प्रथम छप्पर उंचावून आढ्याशी हवेला वाट ठेवतात, समोरासमोरच्या भिंतींत उंचावर झरोके पाडतात आणि झड रुंद वळचणीने अडवितात. जमीन उंच, खडबडीत व गटाराकडे उतरती करतात. गुरांच्या दावणीची जागा घोड्यास अपुरी पडते. मोठ्या घोड्यास वळता व लोळता यावे म्हणून सु. ३·६ × ३·६ मी. कप्पा आणि १·२ मी. रुंद दार ठेवतात. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजत असल्याने खिळे व कड्या वरचेवर तपासाव्या लागतात. घोड्यास गारव्यापेक्षा कोंदट हवा अधिक बाधते. त्यामुळे ऐन पावसाळ्यातही झरोके बुजवीत नाहीत.