पिस्तुलाची नळी: चमक वेगळी, सफाई वेगळी

सुट्टीहून परतल्यावर कोणी ना कोणी कॅडेट मला विचारतोच, "सर, पिस्तुलाची नळी घरच्या घरी आतून पॉलिश केली, तर नेम सुधारेल का?" बहुतेकांच्या घरी सरावाचे एअर पिस्तूल असते, काहींच्या वडिलांकडे परवान्याचे शस्त्र असते. प्रश्न स्वाभाविक आहे. आपल्याकडे बूट, बक्कल, टोपीचा बिल्ला सगळे चमकले पाहिजे, नाहीतर एक्स्ट्रा ड्रिल ठरलेली! त्यामुळे जे चमकते ते स्वच्छ, हे गणित मनात पक्के बसते. नळीच्या बाबतीत मात्र ते चुकते. का चुकते, ते आज पाहू.

नळीच्या आत काय असते?

नळी म्हणजे गुळगुळीत पाइप नव्हे. तिच्या आत पेचदार खाचा कोरलेल्या असतात. यालाच आपण रायफलिंग म्हणतो. दोन खाचांमधले उंच कंगोरे गोळीला पकडतात आणि फिरकी देतात. फिरणारा भोवरा जसा तोल सांभाळतो, तशी फिरणारी गोळी डोके पुढे ठेवून सरळ जाते.

या खाचा फार उथळ असतात. आपल्या .२२ रायफलीच्या नळीचा व्यास साधारण ५.६ मिलिमीटर आणि खाचेची खोली मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे जवळपास केसाच्या जाडीएवढी. एअर पिस्तुलाची नळी तर ४.५ मिलिमीटरचीच. आता विचार करा, ब्रासोसारख्या पॉलिशमध्ये धातू खरवडणारी बारीक पूड असते. बक्कलावर ती काळा थर काढते आणि खालचे थोडे पितळही नेते. बक्कलाचे त्यात काही बिघडत नाही. नळीत मात्र तीच पूड आधी कंगोऱ्यांच्या कडा बोथट करते. नळी आरशासारखी दिसते, पण गोळीवरची पकड सैल होते. गेलेले पोलाद परत येत नाही.

सर्वांत नाजूक जागा

नळीच्या तोंडाची आतली कड, म्हणजे क्राउन, ही सर्वांत नाजूक जागा. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते तो इथे. कड सगळीकडे सारखी असेल तर मागचा वायू चहूबाजूंनी एकाच क्षणी सुटतो. ती एका बाजूने झिजली, तर वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. घरी पॉलिश करणारा गज तोंडाकडून आत घालतो आणि मागे-पुढे घासतो. नेमकी हीच कड त्यात झिजते. जुन्या ली-एनफिल्ड रायफलींत पुलथ्रूची दोरी एकाच बाजूला घासून तोंडाला घळ पडत असे. दोरीने पोलाद झिजते, हे लक्षात ठेवा. म्हणूनच पुलथ्रू ओढताना आपण एकाला रायफल धरायला लावतो आणि दुसऱ्याला सरळ रेषेत, एका दमात ओढायला सांगतो.

मग कारखान्यात पॉलिश करतात ते कसे?

चांगल्या नळ्या हाताने घासतात, हे खरे आहे. त्याला लॅपिंग म्हणतात. गजाभोवती नळीतच वितळलेले शिसे ओततात. ते थंड झाले की खाचांचा हुबेहूब ठसा तयार होतो. त्यावर अतिशय बारीक पूड लावून कारागीर तो ठसा आत-बाहेर करतो आणि कुठे घट्ट लागते, कुठे सैल, हे हाताने ओळखतो. या कामात नळीची टोके जास्त झिजतात. म्हणून नळी मुद्दाम लांब ठेवतात, नंतर टोके कापतात आणि त्यानंतर तोंडाची कड तयार करतात. घरी आपल्याकडे तो ठसा नसतो आणि कापायला जास्तीची लांबीही नसते.

सफाई कशी करावी?

१. आधी मॅगझिन काढा, चेंबर उघडा, डोळ्यांनी पाहा. 'जाँच शस्त्र' घरीही तेवढेच लागू. गोळ्या किंवा पेलेट दुसऱ्या खोलीत ठेवा.
२. शक्य असेल तेव्हा चेंबरकडून तोंडाकडे साफ करा. गज पितळी किंवा प्लास्टिक चढवलेला घ्या.
३. कोरडी चिंदी ओढा. .२२ साठी नंतर हलक्या तेलाची चिंदी आणि पुढच्या फायरिंगपूर्वी पुन्हा कोरडी.
४. एअर पिस्तुलात फेल्टच्या छोट्या गोळ्या पुरतात. स्प्रिंगच्या पिस्तुलात नळीत तेल घालू नका. दाबाने तापलेल्या हवेत ते पेट घेते आणि सील खराब होते.
५. सफाईनंतर पहिले काही पेलेट इकडेतिकडे गेले तर घाबरू नका. नळीत शिशाचा पातळ थर पुन्हा बसला की गट जुळतो.
६. शेवटी साबणाने हात धुवा. शिसे विषारी आहे. सफाईच्या टेबलावर डबा उघडू नका.

पूर्वीच्या काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे नळीत क्षार उरत आणि ओल धरून गंज आणत. म्हणून जुने सैनिक नळीत उकळते पाणी ओतत, मग कोरडी करून तेल लावत. घासून चकाकी आणण्याच्या फंदात ते पडले नाहीत.

पालकांसाठी दोन शब्द

बंदुकीची दुरुस्ती करायलाही १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. पुसणे ही देखभाल आहे. आतून धातू काढणे हे परवानाधारक कारागिराचे काम आहे. परवान्याचे शस्त्र मुलांच्या हाती सफाईसाठीही देऊ नका. ते कुलपात राहू द्या. एअर पिस्तूलही मोठ्यांच्या नजरेखालीच हाताळले जावे.

आता नेमाबद्दल. दहा मीटरवरच्या एअर पिस्तूल लक्ष्यात दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असते, शर्टाच्या बटणाएवढे. ट्रिगर झटक्याने दाबला की पेलेट त्याच्या कितीतरी बाहेर जाते. चांगल्या नळीत तेवढा दोष नसतो, आणि असेल तर तो ब्रासोने जाणार नाही. पॉलिशला लागणारा अर्धा तास ट्रिगर सावकाश दाबण्याच्या सरावाला द्या, श्वासाला द्या, मनगट स्थिर ठेवायला द्या. कोतमध्ये शस्त्र जमा करताना मी नळी उजेडाकडे धरून दोनच गोष्टी पाहतो: गंज नाही ना, आणि कंगोऱ्यांच्या कडा धारदार दिसतात ना. तुमच्या शस्त्रातही याच दोन गोष्टी पाहायला शिका.