हिरड्यांतले रक्त आणि बाळाचे वजन



वैजापूर तालुक्यातल्या भिल्ल वस्त्यांवर गरोदर मातांना भेटताना मी हल्ली एक प्रश्न आवर्जून विचारते, "ताई, दात घासताना रक्त येतं का?" पुष्कळ जणी हो म्हणतात आणि त्यावरचा आपला उपायही सांगतात : मिसरी. म्हणून हा लेख.

गरोदरपणात शरीरातली संप्रेरके वाढतात. त्यामुळे दातांवर थोडी घाण साचली तरी हिरड्या सुजतात, रक्त येते. दुर्लक्ष केले तर जंतू हिरडीखाली खोल जातात, आणि तिथून रक्तावाटे वारेपर्यंत पोहोचू शकतात. हिरड्यांचा आजार असलेल्या मातांना अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बाळे जास्त होतात, असे 1996 साली अमेरिकेतल्या संशोधकांना आढळले. अडीच किलोच्या आतले बाळ कमी वजनाचे मानतात. आपल्या देशात शंभरांतली सुमारे 18 बाळे अशी जन्मतात.

पुढे 2006 साली तिथेच आठशेहून अधिक गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला. उपचाराने हिरड्या सुधारल्या, आई-बाळाला अपायही झाला नाही. पण दिवसांआधीची बाळंतपणे कमी झाली नाहीत. त्यामुळे दात साफ केले की बाळ वजनदार होईल, असे आम्ही कोणालाही सांगत नाही.

मिसरीचे मात्र तसे नाही. मुंबईत 1,217 गरोदर स्त्रियांची नोंद घेऊन केलेला अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. तंबाखू खाणाऱ्या वा मिसरी लावणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती लावल्यावर ठणका कमी झाल्यासारखा वाटतो, पण तिच्यातले निकोटिन रक्तात उतरते आणि वारेचा रक्तपुरवठा घटवते. दुखऱ्या हिरडीसाठी घेतलेली चिमूट अशी बाळाला भोवते.

म्हणून आम्ही मातांना तीन गोष्टी सांगतो. सकाळी आणि रात्री मऊ ब्रशने दात घासा, मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरा. मिसरी सोडा. आणि रक्त थांबत नसेल तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. पोटुशीने दाताला हात लावू देऊ नये, हा समज चुकीचा आहे. चौथा ते सहावा महिना उपचारांना सोयीचा असतो. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तेव्हा हिरड्यांचे दुखणेही सांगावे.

सासू मिसरी लावत असेल तर सुनेला ती सुटणे अवघड जाते, म्हणून आम्ही दोघींशी एकत्र बोलतो. आपल्या मंडळीतल्या घरांतही मिसरीची डबी असते. ती बाजूला ठेवण्याची सुरुवात आपण आपल्या घरापासून करू या. वस्तीवरच्या मातांसाठी ब्रश आणि पेस्ट द्यावीशी वाटल्यास जरूर द्या, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करीत राहा.